कुणाच्या हाताला धरून गेला?

दिवाळी सरली की आमच्याकडच्या रस्त्यांवर दोन उलट दिशांची माणसं एकाच वेळी चालू लागतात. सांगली जिल्ह्यातल्या विट्याच्या स्टँडवर संध्याकाळी बारावी झालेला एखादा पोरगा उभा असतो. नवी बॅग, फडक्यात बांधलेल्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि शेजारी मामा नाहीतर चुलता. पोरगा निघालेला असतो तमिळनाडूला, केरळला, आंध्रला, पंजाबला. जिथे सोनारांची पेठ, तिथे खानापूर-आटपाडीकडचा गलाईवाला, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारा, असायचाच. त्याच आठवड्यात तिथून चाळीस-पन्नास किलोमीटरवर, वाळवा-कऱ्हाडच्या उसाच्या पट्ट्यात, बीडकडचे ट्रक नि ट्रॅक्टर येऊन थांबतात. गाडीत पत्रे, बांबू, पाण्याची पिंपं, शेळी, कोंबड्या, आणि सगळ्यात वर गोधडीत गुंडाळलेली पोरं.

म्हणजे आमच्या भागातून माणूस कामासाठी बाहेर जातो आणि आमच्याच भागात कामासाठी बाहेरून माणूस येतो. शाळेत शिकलेलं स्थलांतराचं गणित इथे अडतं. ते गणित सांगतं, की मजुरी कमी असेल तिथून माणूस निघतो आणि जास्त असेल तिथे जातो, पाणी उताराला लागावं तसा. मग विट्याचा पोरगा पन्नास किलोमीटरवरच्या उसाच्या फडात तोडणीला का जात नाही? आणि अडीच-तीनशे किलोमीटरवरचं जोडपं तिथेच का येतं?

या दोन प्रश्नांची उत्तरं शोधताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. माणूस किती लांब गेला, किती राबला, याने त्याचं पुढचं आयुष्य फारसं ठरत नाही. तो कुणाच्या हाताला धरून गेला, आणि जाताना त्याच्या नावावर काय लिहिलं गेलं, याने ते ठरतं. आजचं असं आहे आणि तीनशे वर्षांपूर्वीचंही असंच होतं.

आधी अभ्यासकांनी काय सांगितलंय ते बघू. १८८५ साली रेव्हनस्टाइन नावाच्या एका नकाशाकाराने ब्रिटनच्या जनगणनेचे आकडे पालथे घातले आणि स्थलांतराचे काही नियम मांडले. हा माणूस स्वतः जर्मनीत जन्मलेला नि लंडनमध्ये स्थिरावलेला. त्याला दिसलं, की बहुतेक माणसं फार लांब जात नाहीत. शहराजवळची माणसं शहरात शिरतात, त्यांची रिकामी जागा आणखी लांबची माणसं येऊन भरतात, आणि प्रत्येक प्रवाहाला एक उलटा, छोटा प्रवाह असतो. आमच्या कोड्यातला अर्धा भाग इथे सुटतो. गाव रिकामं राहत नाही. गेलेल्याची जागा दुसरा कुणी तरी घेतो, आणि तो बहुधा जास्त गरजू असतो.

पुढे १९८०च्या दशकात अर्थशास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट मांडली, जी माणदेशातल्या कुठल्याही म्हातारीला आधीच माहीत होती: जायचं की नाही हे एकटा माणूस ठरवत नाही, घर ठरवतं. माण-खटावातल्या जुन्या घरांची मांडणी आठवा. थोरला रानात, मधला मुंबईला, धाकटा पलटणीत. पाऊस गेला तर माणमधली ज्वारी जाईल, पण मुंबईतला पगार पावसावर नाही. मुंबईत संप झाला तर फौजेतली मनीऑर्डर येईल. पीकविमा नव्हता, बँक कर्ज देत नव्हती, तेव्हा घराने आपल्या पोरांचाच विमा उतरवला. म्हणून ‘गरिबीमुळे गेला’ एवढ्यावर बोलणं थांबवलं तर निम्मंच सांगून होतं. सगळ्यात गरीब माणसाला पुष्कळदा जाताच येत नाही, कारण तिकिटाला पैसे लागतात, पहिला महिना काढायला पैसे लागतात, आणि तिकडे दार उघडणारं कुणी तरी लागतं.

हे दार कोण उघडतं, यावर आता येतो.

मराठ्यांची फौज आपण शौर्याच्या अंगाने वाचतो. ती जरा पोटाच्या अंगाने बघा. खरीप हाताशी आलं, दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की कुणबी घोड्यावर बसायचा. मुलूखगिरी करून पावसाळ्याच्या तोंडाला परतायचा. हे हंगामी स्थलांतरच होतं, आणि त्यात दोन प्रकारचे स्वार होते. बारगिराला घोडा नि हत्यार सरकारातून किंवा सरदाराकडून मिळायचं. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन यायचा. लढाई एकच, ऊन-पाऊस एकच, पण दोघांचा मुशाहिरा, म्हणजे पगार, वेगळा, मान वेगळा. कामाचं साधन कुणाचं, हा प्रश्न तेव्हाही सगळ्यात मोठा होता. पुढे ही दोन नावं लक्षात ठेवा, कारण आजच्या मजुरांतही मला बारगीर आणि शिलेदार दिसतात.

१८१८ नंतर हा रस्ता आटला, आणि १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्यच खालसा झालं. पाच वर्षांनी मुंबई-ठाणे रेल्वे धावली, आणि १८५०च्याच दशकात मुंबईत पहिली कापडगिरणी सुरू झाली. कोकणची माणसं गिरणीत आधी शिरली, त्यांच्या मागोमाग घाट उतरून साताऱ्याची गेली. घाट उतरून आलेला म्हणून ‘घाटी’. मुंबईत हा शब्द हिणवायला वापरला गेला, आणि ज्यांनी तो ऐकला त्यांच्या नातवंडांना तो अजून लागतो.

गिरणीत कामाला लावणारा होता जॉबर. मालकाला मजूर ओळखता येत नव्हते, मजुराला मालक दिसत नव्हता, मध्ये जॉबर. सकाळी गेटावर बदली कामगारांची गर्दी, आणि त्यातून आज कुणाला आत घ्यायचं हे त्याच्या हातात. त्यासाठी त्याला दस्तुरी, म्हणजे चिरीमिरी, द्यावी लागायची. पण जॉबर बहुधा आपल्याच भागातला, आपल्याच जातीतला असायचा. तो अडीनडीला उसने पैसेही द्यायचा, खोलीही बघून द्यायचा. त्यामुळे त्याच्याबद्दल राग आणि उपकार दोन्ही एकाच मनात नांदायचे. मध्यस्थाशी असलेलं नातं असंच गुंत्याचं असतं, आजही.

जॉबरला लगाम घालणारी एक गोष्ट गावाने उभी केली: गावकीची खोली. पाटण-जावळीकडच्या गावांचे गाळे लालबाग-परळला असायचे. एका खोलीत वीस-तीस गडी. रात्रपाळीचा उठला की त्याच पथारीवर दिवसपाळीचा पडायचा. जेवण खानावळीत, ती चालवणारी बाई बहुधा गावाकडचीच, पगाराला हिशेब चुकता करायचा. नवा पोरगा आला तर पहिले दिवस त्याच्याकडे कुणी पैसे मागायचं नाही. ही खोली नसती तर तो पोरगा पहिल्या दिवसापासून जॉबरच्या खिशात गेला असता.

पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी. गिरणीमालकाला हा मजूर स्वस्त पडला, कारण त्याचं बाळपण, आजारपण आणि म्हातारपण गावाने सांभाळलं. बायको-पोरं गावाला. रान बाईने कसलं, सासू-सासऱ्यांचं तिने केलं, आणि तिच्या कष्टाची नोंद गिरणीच्या कुठल्याही वहीत झाली नाही. मुंबईतल्या पगारात एका माणसाचं भागत होतं; कुटुंबाचं भागवण्याइतका पगार द्यायची वेळ मालकावर आलीच नाही. स्थलांतराच्या अर्थशास्त्रातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे असं मला वाटतं. स्वस्त मजुराच्या मागे नेहमी कुठे तरी एक गाव आणि त्या गावात एक बाई फुकट राबत असते.

तेच गाव कधी कधी मजुराच्या हातातलं हत्यारही झालं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, माणसं गावाकडे पळाली, आणि मजूर मिळेनात म्हणून मालकांना रोजच्या रोज मजुरी देऊन माणसं धरून ठेवावी लागली. चौदाव्या शतकात युरोपात मोठा प्लेग आला तेव्हाही असंच झालं होतं. मजूर दुर्मीळ झाले, जास्त मजुरी देईल तिकडे जाऊ लागले. इंग्लंडने १३५१ साली कायदाच केला, की प्लेगआधीच्या दरानेच काम करायचं. मजुराचं चालणं-फिरणं त्याच्या फायद्याचं ठरू लागलं की ते रोखणारे कायदे येतात. आणि १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, तेव्हा इतके महिने तग धरता आला तो पुष्कळसा गावाकडच्या ज्वारीवर. संपात गावी परतलेले कितीतरी जण पुन्हा मुंबईला गेलेच नाहीत.

मॉरिशसचं एका दमात सांगतो. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती. १८३४पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले गेले, मुंबई बंदरातून गेलेल्यांत मराठी माणसंही होती. करार पाच वर्षांचा, मध्ये सोडून जाता येत नसे. त्यांचे वंशज तिथे आजही गणपती बसवतात. ऊस आणि बांधलेला मजूर यांची जोडी किती जुनी आहे, हे लक्षात यावं म्हणून हे सांगितलं.

आता फडात येऊ.

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसं, पण मोजणी एक. पावसाळ्यातच मुकादम, म्हणजे टोळीचा ठेकेदार, गावात येऊन उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो: पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढेही. त्या पैशात लग्न होतं, दवाखाना होतो, सावकार मिटतो. मग हंगामभर दोघांनी तोडून ती फेडायची. पहाटे चारला फडात. तो तोडतो, ती मोळी बांधते, डोक्यावरून वाहून गाडीत चढवते. गाडी कधी रात्री येते, तेव्हा रात्री भरायची. दिवसाचा ऊस भरतो दीड-दोन टन. एखाद्या दिवशी अंगात ताप म्हणून गेलं नाही तर खाडा, त्याचा दंड उचलीत मिळवला जातो. पाळीच्या दिवसांतही, गरोदरपणातही हे चालू राहतं. २०१९मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली गेल्याचं समोर आलं. त्यामागे हा खाड्याचा हिशेबही होता. हे वाचून ज्याचा घास अडकत नाही, त्याला काय सांगायचं मला कळत नाही.

आता सुरुवातीचा प्रश्न: बीडचीच माणसं का? ऊस तोडला की त्यातली साखर तासातासाने घटायला लागते. कारखान्याचं गाळप चोवीस तास चालतं. म्हणजे ऊस ना आधी तोडून चालतो, ना उशिरा. कारखान्याला हवा असतो हाक मारेल त्या घटकेला, दिवसा नाहीतर रात्री, उभा राहणारा मजूर. गावातला मजूर संध्याकाळी घरी जातो, पोराची शाळा बघतो, लग्नाला जातो, दर पटला नाही तर दुसरीकडे जातो. फडाशेजारी कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, राहणारा, उचलीने बांधलेला, गाव तीनशे किलोमीटर मागे सोडून आलेला माणूस यातलं काहीच करू शकत नाही. त्याचं परगावचं असणं हाच कारखान्याचा फायदा असतो. जतची, माणची टोळीही याच कारणाने आपला तालुका सोडून दुसऱ्या कारखान्याला जाते.

या कामातून वर येण्याची शिडी एकच: कोयत्यावरून मुकादम व्हायचं. ही शिडी किती जुनी असावी? पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आजच्या ट्युनिशियातल्या मक्तार गावचा एक शिलालेख आहे, रोमन काळातला, सुमारे सतराशे वर्षांपूर्वीचा. गरीब घरात जन्मलेला, जमीन नसलेला एक माणूस त्यात स्वतःची हकिकत सांगतो. बारा हंगाम रणरणत्या उन्हात कापणी केली, मग कापणीवाल्यांच्या टोळीचा म्होरक्या झालो, अकरा वर्षं टोळ्या घेऊन फिरलो, पैसा साठवला, घर-शेत घेतलं आणि शेवटी गावच्या सभेत मानाने बसलो. वाचताना अंगावर काटा येतो; भाषा लॅटिन, माणूस आपल्या ओळखीचा. त्याच्या टोळीत अकरा वर्षं राबलेल्यांपैकी एकाचंही नाव दगडावर नाही.

गलाईची गोष्ट वेगळी आहे, आणि ती याच दुष्काळी मातीतली आहे म्हणून महत्त्वाची आहे. सोनाराच्या दुकानात जुने दागिने मोडीला येतात, कामाच्या जागेचा केर झाडून साठवला जातो. त्यातलं शुद्ध सोनं-चांदी वेगळं काढायचं, ही गलाई. सोन्यात चांदी मिळवून सोन्याचा वाटा चौथाईवर आणतात, मग नायट्रिक ऍसिडमध्ये टाकतात. चांदी-तांबं विरघळतं, सोनं तपकिरी भुकटीसारखं तळाशी राहतं; ते मुशीत वितळवलं की पिवळं होतं. विरघळलेल्या चांदीत तांब्याची पट्टी सोडली की चांदी परत मिळते. यातून निघणारा तपकिरी धूर छातीला फार वाईट, आणि जुन्या गलाईवाल्यांच्या खोकल्यात तो ऐकू येतो. काम सोपं नाही. पण पोरगा मामाबरोबर गेलेला असतो. तो दुकानातच झोपतो, दुकानातच जेवतो, पहिली काही वर्षं हातात फार पैसे येत नाहीत. मात्र तो कसब शिकतो, तिकडची भाषा शिकतो, आणि सोनारांना त्याची ओळख होते. ही ओळख हेच भांडवल, कारण सोनार आपलं सोनं अनोळखी माणसाच्या हातात देत नाही. अमक्याचा भाचा आहे, एवढ्यावर किलोभर सोनं मुशीत जातं. काही वर्षांनी भाचा पुढच्या गावात स्वतःची भट्टी टाकतो आणि आपल्या धाकट्या भावाला बोलावतो. अशी साखळी लागत जाते.

मामाही भाच्याला पिळतो, हे मी नाकारत नाही. पडत्या पगारात कितीतरी वर्षं काढलेली पोरं आमच्या आळीत आहेत. तरीसुद्धा शेवटी मूस त्याची होते. तो बारगीर म्हणून जातो आणि शिलेदार होऊ शकतो. फडातलं जोडपं कोयता स्वतःचा घेऊन जातं आणि तरी बारगीरच राहतं, कारण उचल मुकादमाच्या वहीत असते.

मग ज्याला मामा नाही त्याने काय करायचं? याचंही एक उत्तर साताऱ्याच्याच माणसाने शोधलं. मुंबईच्या गोदीत, मशीद बंदरच्या पेठेत माथ्यावर ओझी वाहणारे हमाल मोठ्या संख्येने साताऱ्याकडचे होते. ते टोळीवाल्याच्या हाताखाली काम करायचे. मालक कोण हेच ठरलेलं नसायचं, कारण आज या गाळ्यावर तर उद्या त्या. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील यांनी त्यांना संघटित केलं आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्याची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. मजूर आणि व्यापारी दोघांचीही नोंद एका मंडळाकडे. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठरावीक लेव्ही मंडळात भरायची. मंडळाने मजुराला पगार, फंड, बोनस, दवाखाना द्यायचा. मालक रोज बदलला तरी मजुराचं खातं एकच राहतं. टोळी राहिली, पण टोळीवाल्याची वही गेली. या कायद्यातही पुढे पळवाटा निघाल्या, बोगस माथाडीही निघाले. पण उसाच्या फडात अशी यंत्रणा अजून नीट उभी राहिलेली नाही. जानेवारी २०२४मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, कामगारांसाठी महामंडळ आहे, मुलांसाठी वसतिगृहांची योजना आहे. पैशाचा रस्ता मात्र मुकादमाच्या हातातूनच जातो.

जाणंच कसं टळेल, याचा विचारही आमच्याकडेच झाला. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापुरात मागेल त्याला गावातच काम देण्याचा प्रयोग केला. १९७२च्या दुष्काळात त्यातून राज्याची रोजगार हमी उभी राहिली, १९७९च्या प्रजासत्ताक दिनापासून तिचा कायदा लागू झाला, आणि २००५मध्ये देशाने ती कल्पना उचलली. पुढे टेंभू उपसा योजनेचं पाणी खानापूर-आटपाडीत पोचलं आणि जिथून माणसं गेली तिथे डाळिंब, द्राक्ष, ऊस आला. आता तिथल्या बागांतही परजिल्ह्यातले, परराज्यातले मजूर येतात. रेव्हनस्टाइनने सांगितलेली, रिकामी जागा भरणारी लांबची माणसं ती हीच.

कुपवाड, मिरज, सातारा, शिरवळच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची पोरं आहेत. त्यांच्या एका खोलीत आठ-दहा जण, पाळीपाळीने झोप, एकाच गावचे. लालबागचा गाळा डोळ्यापुढे येतो. आपल्याकडे त्यांना जे नाव ठेवतात, ते ‘घाटी’ ज्या सुरात म्हणायचे त्याच सुरात असतं, आणि ज्या घरातला आजा मुंबईत घाटी होता त्या घरातूनही ते ऐकू येतं, याचं मला वाईट वाटतं.

ही माणसं सरकारच्या आकड्यांत कुठे आहेत? २०११च्या जनगणनेत देशात सुमारे ४५ कोटी स्थलांतरित मोजले गेले. त्यात सर्वांत जास्त लग्न करून सासरी गेलेल्या बायका. मोजणी झाली फेब्रुवारीत, म्हणजे ऐन हंगामात, ऊसतोडवाले फडात असताना. सहा महिने इथे, सहा महिने तिथे राहणारा त्या तक्त्यात नीट बसतच नाही. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ऊसतोडवाले कोप्यांत अडकले. एप्रिलच्या मध्यात त्यांना घरी जायची परवानगी मिळाली, तोवर कित्येक जण अंधारात पायी निघालेही होते.

मागच्या मार्चमध्ये आमच्या शेजारच्या रानात टोळी होती. शेवटच्या दिवसांत त्यातली एक बाई पाणी न्यायला आमच्या नळावर आली. तिच्या पदराच्या गाठीत चिठ्ठ्या होत्या, गाडीगाडीच्या वजनाच्या. हंगामभर जमवलेल्या, घामाने काही पुसट झालेल्या. म्हणाली, दादा, तेवढी बेरीज करून द्या. आम्ही ओट्यावर बसलो, मी एकेक वाचत गेलो, ती प्रत्येक चिठ्ठीला कुठला फड होता ते सांगत गेली. बेरीज एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिली. तिने तो आकडा दोनदा तोंडाने म्हणून घेतला, मुकादमाच्या वहीत किती आहे ते तिला ठाऊक नव्हतं, आणि हंडा उचलायच्या आधी कागद पुन्हा गाठीत बांधला.